पाण्याचा हिशोब

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ऑगस्टची सुट्टी जोडून आल्याने माझी पुतणी पुण्याहून घरी आली होती. ती तिथे एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नाशिकला तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. गोदावरी फुगली होती आणि घरातली मंडळी दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आले याच्या गप्पा मारत बसली होती. आम्ही नाशिककर पुराचे माप मीटरमध्ये सांगत नाही. गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, असे सांगतो.

पोरगी मात्र गप्प होती. समोर लॅपटॉप आणि कपाळाला आठी. रात्री जेवायलाही उठेना, तेव्हा मी जवळ जाऊन बसलो.

"काय अडलंय?"

"तुम्हाला नाही कळायचं, मोठे बाबा. हिशोब जुळत नाहीये."

हिशोब हा शब्द ऐकला आणि मी खुर्ची पुढे ओढली. मी बी.कॉम. झालेला कारकून. विज्ञान माझे दहावीलाच सुटले. पण वीसेक वर्षे लेखा शाखेत काढली आहेत. आमची वही आणि बँकेचे पासबुक यांचा मार्चअखेरीस ताळमेळ घालायचा, फरक आला तर तो कुठे आहे हे शोधायचे, हाच माझा पोटापाण्याचा धंदा. म्हणून म्हटले, "तू मला वही कोणती आणि पासबुक कोणते एवढंच सांग. बाकी मी बघतो."

ती हसली. मग तिने जे सांगितले ते मला समजले तसे इथे लिहितो.

आपल्या शरीरातली कामे प्रथिने करतात. रक्तातला प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन. पोटात अन्न पचवणारे पेप्सिन हेही प्रथिन. यांचे रेणू इतके लहान असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातून त्यांचा आकार दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्यांचे स्फटिक करतात. मिठाचा खडा असतो तसा, पण फार नाजूक. त्यात अब्जावधी रेणू कवायतीला उभे राहिल्यासारखे एकाच शिस्तीत रांगेने उभे असतात. त्यावर क्ष-किरण सोडले की पलीकडच्या पडद्यावर हजारो ठिपके उमटतात. काही ठळक, काही पुसट. प्रत्येक ठिपक्याचा ठळकपणा मोजून आकडा लिहायचा. हे झाले पासबुक. ते बाहेरून आलेले असते, त्यात आपल्याला फेरफार करता येत नाही.

आता वही. प्रथिनातला कोणता अणू कुठे बसला आहे याचा शास्त्रज्ञ एक आराखडा बांधतात. आराखडा असा असेल तर ठिपके कसे पडायला हवेत, हे संगणक गणित करून काढतो. मोजलेले आकडे एका बाजूला, काढलेले दुसऱ्या बाजूला. मग आराखडा थोडा थोडा हलवत दोन्ही जुळवत न्यायचे. याला ते 'रिफाइनमेंट' म्हणतात. मोजलेल्या शंभरामागे किती फरक राहिला, त्या आकड्याला आर-फॅक्टर म्हणतात. तो विसाच्या आसपास किंवा खाली आला तर आराखडा बरा समजतात.

"आणि तुझा किती आलाय?"

"तिशीच्या वर अडकलाय. सरांनी मुद्दाम ही फाइल दिलीय. म्हणाले, यातला प्रत्येक अणू जागेवर आहे, तरीही जमाखर्च जुळत नाही. काय राहिलंय ते सुट्टीत शोधून आण."

मी विचारले, दोन्हीकडचे चलन एकच आहे ना? एकीकडे रुपये आणि दुसरीकडे पैसे असले तर कसे जुळणार? हा प्रश्न अडाण्याचा ठरेल असे वाटले होते, पण ती म्हणाली, बरोबर विचारलेत. मोजलेल्या आकड्यांना स्वतःचे असे चलन नसते. स्फटिक मोठा असेल, किरण जोरदार असतील, तर सगळेच आकडे वाढतात. म्हणून एका गुणकाने गुणून दोन्ही बाजू एका मापावर आणाव्या लागतात. त्याला 'स्केलिंग' म्हणतात. शिवाय अणू जागच्या जागी थरथरत असतात, त्यामुळे बारीक तपशील सांगणारे ठिपके जास्त पुसट होतात. तो पुसटपणाही स्फटिकाच्या एका दिशेला कमी आणि दुसऱ्या दिशेला जास्त असू शकतो. त्याचीही दुरुस्ती करायची असते. हे सगळे तिने केले होते.

"मग आता एकूण बेरीज बघत बसू नको," मी म्हटले. "फरक कुठल्या पानावर आहे ते बघ. आम्ही तसंच करतो. वर्षाचा फरक शोधत नाही. आधी महिना शोधतो, मग दिवस."

तिने ठिपक्यांची वाटणी केली. प्रथिनाचा ढोबळ आकार सांगणारे ठिपके एका खान्यात, त्याहून बारीक तपशिलाचे पुढच्या खान्यात, असे करत शेवटच्या खान्यात अगदी बारकाव्याचे. यांचे माप अँगस्ट्रॉममध्ये असते. एका सेंटीमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. मग खान्याखान्याचा फरक काढला.

पडद्यावरचे आकडे मलासुद्धा वाचता आले. मधली पाने ठीकठाक होती. सगळा घोटाळा पहिल्या पानावर, म्हणजे सातआठ अँगस्ट्रॉमच्या वरच्या ढोबळ ठिपक्यांत होता. आणि तो घोटाळा एकतर्फी होता. तिथे वहीतले आकडे पासबुकापेक्षा जवळपास सगळीकडे मोठेच. उलट पुढच्या पानांवर वहीतले आकडे जरासे कमी.

हे मी जन्मभर पाहिले आहे. बेरीज चुकली असती तर फरक कधी इकडे, कधी तिकडे गेला असता. फरक सारखा एकाच बाजूला जात असेल तर ती चूक नसते. काहीतरी नोंदवायचे राहिलेले असते. पुढच्या पानांचे कोडेही मग उलगडले. ढोबळ ठिपके सगळ्यांत ठळक, त्यांचे आकडे मोठे. गुणक एकच. तो मोठ्यांना जुळवायला खाली खेचला गेला आणि त्यात लहान आकडे उगाचच कापले गेले. गुणक चुकला नव्हता. न लिहिलेल्या नोंदीचा भार तो आपल्या परीने सगळ्यांवर वाटत होता.

"पोरी, तुझी एक मोठी नोंद राहिलीय. आणि ती ढोबळ आहे, बारीक नाही."

ती थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिली. बाहेर पाऊस कोसळत होता. मग एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, "पाणी!"

मला वाटले, प्यायला मागते आहे. पण ती सांगत होती ते वेगळेच होते. प्रथिनाचा स्फटिक मिठाच्या खड्यासारखा कोरडा नसतो. गोल बटाटे पोत्यात कितीही दाबून भरले तरी मध्ये फटी राहतात, तशा रेणूंमध्ये फटी राहतात आणि त्या पाण्याने भरलेल्या असतात. बी. डब्ल्यू. मॅथ्यूज या शास्त्रज्ञाने १९६८ साली ११६ स्फटिकांचा हिशोब मांडला. त्यात पाण्याचा वाटा २७ टक्क्यांपासून ६५ टक्क्यांपर्यंत निघाला. बऱ्याच स्फटिकांत तो ४३ टक्क्यांच्या जवळपास होता. म्हणजे ढोबळ मानाने निम्मा स्फटिक पाणीच.

या पाण्याशिवाय हे शास्त्र जन्मलेच नसते. १९३४ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडले. स्फटिक हवेत सुकू दिला तर चित्र धड उमटेना. ज्या द्रवात तो वाढला त्याच द्रवासकट काचेच्या बारीक नळीत बंद केला, तेव्हा स्वच्छ ठिपके मिळाले. पाणी गेले की रेणूंची रांग मोडते. ही डोरोथी म्हणजेच पुढे १९६४ साली नोबेल मिळवणाऱ्या डोरोथी हॉजकिन.

मग एवढे पाणी आराखड्यात येत का नाही? त्याचे कारण साधे आहे. थोडे पाणी प्रथिनाला चिकटून ठरलेल्या जागी बसते. त्या प्रत्येक रेणूला आराखड्यात क्रमांक मिळतो, जागा मिळते. पण बाकीचे पाणी फिरते असते. या रेणूंमधल्या फटीत एका क्षणी इथे, तर पुढच्या क्षणी तिथे. त्याला पत्ता नाही, आणि ज्याला पत्ता नाही त्याचे नाव यादीत चढत नाही. झोपडपट्टीत रेशनकार्डाची कामे करताना हे वाक्य मी कितीदा ऐकले आहे! पण यादीत नाव नसले तरी माणूस असतोच. तसे ते पाणीही असते. त्यातही इलेक्ट्रॉन असतात आणि क्ष-किरणांना ते दिसतात.

"पण मग त्याचा परिणाम ढोबळ ठिपक्यांवरच का?" मी विचारले.

या वेळी तिने दुतोंड्या मारुतीचाच दाखला दिला. उन्हाळ्यात पात्र कोरडे असले की मूर्ती पायापासून डोक्यापर्यंत उठून दिसते. पुरात पाणी छातीवर आले की फक्त वरचा भाग उठून दिसतो. मूर्ती तेवढीच, पण उठाव कमी. प्रथिनाच्या एका घन अँगस्ट्रॉममध्ये साधारण ०.४३ इलेक्ट्रॉन असतात आणि पाण्याच्या तेवढ्याच जागेत सुमारे ०.३३. म्हणजे पाणी प्रथिनाच्या छातीवर आलेले. कोरड्या पात्राचा हिशोब धरला तर संगणक ०.४३ चा पूर्ण उठाव मोजतो. खरा उठाव असतो फक्त ०.१०. म्हणून वहीतले ढोबळ आकडे फुगलेले निघतात. आणि पाणी सपाट. त्यात डोळे, नाक, बोटे असे बारीक काही नाही. त्यामुळे बारीक ठिपक्यांवर त्याचा परिणाम जवळजवळ नाही.

ही नोंद करण्याची रीतही आमच्या खात्यातल्यासारखीच निघाली. ज्याची वेगळी पावती नाही तो खर्च आम्ही एकत्र करून एका ओळीत लिहितो. इथे प्रथिनाने व्यापलेली जागा सोडून उरलेल्या सगळ्या जागेत सारख्या घनतेचे पाणी भरलेले आहे असे धरतात. त्या पाण्यासाठी फक्त दोन आकडे ठरवायचे. पहिला त्याची घनता, जी बहुधा ०.३५ च्या आसपास येते, कारण त्या पाण्यात क्षारही विरघळलेले असतात. दुसरा आकडा काठासाठी, कारण प्रथिन संपून पाणी सुरू होते तिथे भिंत घातलेली नसते. नदीकाठासारखा तो भाग हळूहळू ओला होत जातो. मग प्रथिन अधिक पाणी अशी बेरीज करायची आणि तिला मापाचा गुणक लावायचा. याला ते 'बल्क सॉल्व्हंट करेक्शन' म्हणतात. पाणी आणि गुणक एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणून दोन्ही एकत्रच ठरवावे लागतात.

पूर्वी हे सगळे करणे अवघड होते, संगणक लहान होते. तेव्हा बरेच जण काय करायचे? ढोबळ ठिपकेच हिशोबातून वगळायचे. मी म्हटले, न जुळणाऱ्या पावत्या फाडून टाकण्यातलाच हा प्रकार झाला. ती म्हणाली, फसवायचा हेतू नव्हता, नाइलाज होता. १९९४ मध्ये जिआंग आणि ब्रुंगर यांनी पाणी भरण्याच्या निरनिराळ्या रीती ताडून पाहिल्या आणि ही सपाट पाण्याची रीत चांगली ठरली. पुढे २००५ मध्ये आफोनीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अधिक भरवशाची केली. आज नेहमीचे प्रोग्रॅम ही दुरुस्ती आपोआप करतात. सरांनी नेमकी तीच बंद करून फाइल तिच्या हातात दिली होती.

तिने ती चालू केली. दोन-तीन मिनिटांत फरक तिशीखाली उतरला आणि विसाच्या जवळ येऊन थांबला. पहिले पान तर ओळखू येईना इतके सुधारले. एकही अणू हलवला नव्हता.

मला शंका आली. आकडा खाली आणण्यासाठीच दोन आकडे घुसडले असतील तर? आमच्याकडे ताळेबंद जुळवायला 'संशयित खाते' नावाची ओळ टाकणारे वस्ताद असतात. तिने दुसरा आकडा दाखवला. सुरुवातीलाच शंभरातले पाच-दहा ठिपके बाजूला काढून सीलबंद ठेवतात. आराखडा जुळवताना त्यांना हात लावायचा नाही. शेवटी त्यांच्याशी ताडून पाहायचे. ब्रुंगर यांनीच १९९२ साली ही पद्धत सुचवली आणि त्या आकड्याला 'आर-फ्री' म्हणतात. नुसतीच रंगसफेदी केली असेल तर हा आकडा खाली येत नाही. इथे तोही उतरला होता. ऑडिटरची सही झाली म्हणायची!

मग तिने एक गोष्ट सांगितली. ती ऐकून माझी झोपच उडाली. २००६ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम इथल्या अलाबामा विद्यापीठातून एक रचना प्रसिद्ध झाली. आपल्या प्रतिकारशक्तीतल्या सी-३-बी नावाच्या प्रथिनाची. त्याच अंकात हॉलंडमधल्या पीट ग्रोस यांच्या गटाचीही त्याच प्रथिनाची रचना होती. दोन्ही जुळेनात. २००७ मध्ये ग्रोस, ब्रुंगर आणि सहकाऱ्यांनी आक्षेप छापला. एक आक्षेप असा की त्या स्फटिकात रेणूंचे थर एकमेकांना न टेकता अधांतरी राहतात. दुसरा आक्षेप पाण्याचा. ढोबळ ठिपक्यांमध्ये पाण्याचा जो परिणाम दिसायलाच हवा, तो त्यांच्या 'मोजलेल्या' आकड्यांत नव्हता. मूळ लेखकांनी आक्षेप नाकारले. पण २००९ साली विद्यापीठाच्या चौकशीने ही धरून ११ रचना बनावट असण्याचीच शक्यता जास्त असल्याचा निष्कर्ष काढला. २०१६ मध्ये 'नेचर'ने तो लेख मागे घेतला. २०१८ मध्ये अमेरिकी सरकारच्या संशोधन-सचोटी कार्यालयानेही गैरव्यवहार झाल्याचा निर्णय दिला.

मला आमच्याकडचा एक प्रसंग आठवला. काही वर्षांपूर्वी एका मंडळाचा जमाखर्च तपासायला माझ्याकडे आला. बेरजा चोख, पावत्या क्रमाने. पण मांडव, बँड, लाउडस्पीकर एवढ्याच नोंदी आणि सगळे आकडे गोल. चहा नाही, सुतळी नाही, रिक्षाभाडे नाही, पाण्याचा टँकर नाही. तीन दिवसांचा कार्यक्रम आणि कोणी चहा प्यायले नाही? मी तिथेच वही मिटली. पुढे चौकशीत वही घरी बसून लिहिल्याचे निघाले. खोटी वही लिहिणारा मोठ्या रकमा नीट लिहितो. किरकोळ खर्च त्याच्या ध्यानातच येत नाही, कारण तो त्याने केलेलाच नसतो.

रात्रीचे साडेबारा झाले होते. उठता उठता मी सहज विचारले, "हे प्रथिन कुठलं होतं गं?"

ती हळूच म्हणाली, "पप्पांच्या गोळीचं."

वाचक बंधू-भगिनींनो, पुढचे मी माझ्या धाकट्या भावाच्या परवानगीने लिहितो आहे. तो मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवायचा. २००७ साली सततच्या तापाचे निमित्त झाले आणि तपासणीत एच.आय.व्ही. निघाला. भावजय आणि ही पोरगी दोघींच्या तपासण्या निर्दोष आल्या, एवढाच आधार. मालकाने त्याला गाडीवरून उतरवले. देशात सरकारी मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून सुरू झालेली होती, म्हणून तो वाचला. सहा वर्षांनी ती औषधे लागू पडेनाशी झाली. तोवर, २००८ पासून, दुसऱ्या फळीची औषधेही मोफत मिळू लागली होती. पंचवटी एक्स्प्रेसने त्याला मुंबईला नेण्या-आणण्याच्या खेपा मी केल्या. त्याला अटाझानाविर आणि रिटोनाविर या गोळ्या सुरू झाल्या. जेवणाबरोबर घ्यायच्या, एकही दिवस चुकवायच्या नाहीत.

या गोळ्या काय करतात हे इतकी वर्षे मला ठाऊक नव्हते. विषाणूचे प्रथिन लांब पट्टीसारखे एकसंध तयार होते. ती पट्टी ठरावीक ठिकाणी कापली तरच नवा विषाणू तयार होतो. कापणारी कात्री म्हणजे प्रोटिएज. ९९-९९ दुव्यांच्या दोन सारख्या साखळ्या आणि वर दोन झडपा. पोटातले पेप्सिन ज्या रीतीने कापते त्याच कुळातली ही कात्री. १९८९ साली तिची रचना स्फटिकांवरून कळली. तिच्या तोंडात नेमकी बसेल आणि तिला अडकवून ठेवील अशी औषधे १९९५ पासून आली.

या कात्रीवर आपल्या मुंबईतही काम झाले आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पिल्लई, कन्नन आणि होसूर यांनी २००१ मध्ये तिची रचना १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत बारकाईने मांडली. २००६ मध्ये होसूर यांच्याच गटाने परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या स्मिता महाले आणि फ्रान्समधले सहकारी यांच्यासह या कात्रीने कापलेला तुकडा तिच्या तोंडात असतानाचे चित्र प्रसिद्ध केले. इंदूरला 'इंडस-२' या यंत्रावर भाभा केंद्रानेच प्रथिनांच्या स्फटिकांसाठी क्ष-किरणांची खास सोय केली आहे.

आता पाण्याची एक गोष्ट माझ्या घरातली. ती लिहिताना हात जड होतो. भावाचा आजार कळला त्या आठवड्यात घरातला एक स्टीलचा पेला वेगळा झाला. कोणी तसे म्हटले नाही, कोणी ठरवले नाही. पण तो पेला माठाजवळ न राहता खिडकीत जाऊन बसला, आणि भाऊ मुकाट्याने त्यातूनच पाणी पिऊ लागला. तो पेला तिथे पहिल्यांदा ठेवणारा मीच होतो. सभांमधून भाषणे देणारा मी. पाण्याच्या पेल्याने हा रोग होत नाही हे त्या वेळीही मी वाचलेले होते. आठ-दहा दिवसांनी माझ्या अशिक्षित आईने तो पेला उचलला, माठात बुडवला आणि त्यातूनच पाणी प्याली. मला म्हणाली, "१९२७ ला महाडच्या तळ्यावर आपली माणसं कशाला गेली होती रे?" मी मान वर करू शकलो नाही.

आमच्या घराच्या हिशोबात ते आठ-दहा दिवस कुठेच लिहिलेले नव्हते. त्या रात्री मी ते पुतणीला सांगितले. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची होती. ती म्हणाली, "मला आठवतो तो पेला." एवढेच. पुढे काही बोलली नाही.

सकाळी उठलो तर ती पुन्हा लॅपटॉपशी. सरांच्या गणिताचा दुसरा भाग उरला होता. कात्रीच्या तोंडात गोळीचा रेणू खरोखर आहे का, हे त्याला आराखड्यातून काढून तपासायचे होते. इथे पाण्याची उलटी अडचण येते. गोळी आराखड्यातून काढली की तिची जागा रिकामी दिसते, आणि प्रोग्रॅम त्या रिकाम्या जागेतही सपाट पाणी भरून टाकतो. मग गोळीची पुसट खूण त्या पाण्यातच बुडते. त्यावर २०१७ मध्ये उपाय निघाला. त्या जागेभोवती जणू बांध घालायचा आणि तिथे पाणी भरायचे नाही. त्याचे नाव 'पोल्डर' नकाशा. हॉलंडमध्ये समुद्राला बांध घालून मिळवलेल्या जमिनीला पोल्डर म्हणतात. मला हे फार पटले. जे आहे ते विसरू नये. आणि जिथे नक्की काय आहे ते माहीत नाही, तिथे सोयीचे काही भरून मोकळे होऊ नये.

बांध घातल्यावर पडद्यावर निळसर जाळी उमटली. कात्रीच्या तोंडात, दोन झडपांच्या खाली, एक लांबट वेडावाकडा आकार. गोळीचा रेणू तिने त्यावर ठेवला, तो नेमका बसला. झडपा आणि गोळी यांच्या मध्ये एक ठिपका होता. ते एक पाण्याचे कण, ठरलेल्या जागी बसून दोघांना धरून ठेवणारे. त्याला मात्र आराखड्यात क्रमांक होता.

तेवढ्यात भाऊ भाजीचा गाडा लावून घरी आला. भिजलेला शर्ट झटकत त्याने पडद्याकडे पाहिले. "काय गं हे?"

"तुम्ही इतकी वर्षं घेतलेली गोळी, पप्पा. ही अशी बसायची."

अलीकडे डॉक्टरांनी त्याची औषधे बदलली आहेत. पण त्या गोळ्यांनी त्याला लेकीची पदवी बघायला आणले. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "एवढीशी?" आणि माठाकडे वळला.

आपल्या वस्तीत आजही कोणी तपासणीला घाबरत असेल, कोणाच्या घरात एखादा पेला वेगळा झाला असेल. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते. औषध नियमित घेणारा माणूस वर्षानुवर्षे कष्ट करतो, लेकरे शिकवतो. आणि आपल्या मुली अशा अवघड विषयात शिरत असतील तर आपल्याला कळत नाही म्हणून लांब बसू नका. जवळ बसा, विचारा. तुमच्या रोजच्या कामातला एखादा प्रश्नही तिच्या उपयोगी पडेल.

सुट्टी संपवून ती पुण्याला निघाली तेव्हा पाऊस ओसरला होता. भावाने तिच्या बाटलीत माठातले पाणी भरून दिले.